नदीचा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा? पहिल्यांदाच पाठपुरावा करणाऱ्यांसाठी

आमच्या नदीसाठी मी लिहिलेलं पहिलं पत्र अडीच पानांचं होतं. मुख्यमंत्र्यांपासून नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांपर्यंत अकरा जणांना प्रती धाडल्या होत्या. सुरुवात 'नदी ही आपली माता आहे' अशी आणि शेवट 'तरी तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती' असा. दोन-तीन महिन्यांत उत्तरं येऊ लागली आणि सगळ्यांत मजकूर एकच: 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आला आहे.' अकराही प्रती फिरत फिरत अखेर नगरपालिकेतल्या एकाच लिपिकाच्या टेबलावर येऊन पडल्या. त्याने त्या एका टाचणीत अडकवल्या आणि मला विचारलं, "बाई, तुम्हाला नेमकं हवंय काय?"

मला सांगता आलं नाही. 'नदी स्वच्छ करा' हे त्याच्या कुठल्याच नस्तीत, म्हणजे सरकारी फाईलमध्ये, बसत नव्हतं.

पुढची काही वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेली. त्यात जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळं महाराष्ट्रातल्या कार्यालयांना आणि नियमांना धरून आहे.

सोबत काय लागेल

- प्रत्येक अर्जाच्या पोचेची फाईल. पोचेवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवाच. टपालाने पाठवलंत तर स्पीड पोस्टची पावती त्याच अर्जाला टाचून ठेवा.
- १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, चार-सहा एकदम घेतलेले.
- फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटवणारं एखादं मोबाइल अ‍ॅप.
- शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा. गावात असाल तर गावनकाशा.
- एक वही. कोणाला, कधी भेटलो आणि तो काय म्हणाला, हे त्याच दिवशी लिहायचं.
- आणखी किमान दोन माणसं. एकट्याचा अर्ज दबून राहतो आणि एकटा माणूस थकतोही लवकर.

१. नदी बाजूला ठेवा, एक नाला धरा

एप्रिल-मेमध्ये काठाने चालत जा. पावसाळ्यात सगळं वाहून जातं आणि दिसत काही नाही. उन्हाळ्यात वरून धरणाचं पाणी सोडलेलं नसेल, तर नाल्यातून जे वाहतं ते बहुतेक वापरलेलंच पाणी असतं, घरांचं तरी किंवा कारखान्यांचं तरी. नदीला मिळणारा प्रत्येक नाला, प्रत्येक पाइप वहीत मांडा: जागा, रंग, वास, फेस, वेळ. एकाच ठिकाणी सकाळी, दुपारी आणि रात्री जाऊन बघा. घरांचं मैलापाणी सकाळी वाढतं. रात्रीच वाढणारं किंवा पहिल्या पावसाच्या आडून सोडलेलं पाणी सहसा दुसऱ्याच कोणाचं असतं. रात्री मात्र टँकर अडवायला जाऊ नका. लांबून फोटो घ्या आणि घरी या.

मग त्यातला एकच नाला निवडा. सगळ्यात घाण असेल तोच घेतला पाहिजे असं नाही. ज्याचं मूळ तुम्हाला शोधता येईल, असा घ्या.

खाली कोण आहे तेही बघा. पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जातं. तिथे तेच पाणी पुन्हा पिण्यासाठी उचललं जातं. तुमच्या नाल्याच्या खालच्या अंगाला एखाद्या ग्रामपंचायतीची पाणीयोजना असेल तर त्या सरपंचांना भेटा. 'आमच्या जॅकवेलच्या (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीच्या) वर हा नाला मिळतो' असं ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवरचं चार ओळींचं पत्र तुमच्या हजार सह्यांना भारी पडतं.

२. कोणाचं काय, हे समजून घ्या

नदी एकच असली तरी मालक अनेक, आणि बहुतेक नवखे इथेच अडकतात.

घरांचं सांडपाणी, नाले आणि मैलाशुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, ही नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची जबाबदारी. खेड्यात ती ग्रामपंचायतीकडे आणि तिच्या वर जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे. कारखान्याचं पाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि तिथेही मुंबईच्या मुख्यालयाला पत्र लिहून उपयोग थोडाच. तुमच्या भागाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे आणि त्याच्या हाताखालच्या क्षेत्र अधिकाऱ्याकडे जायचं. पूररेषा आखायच्या जलसंपदा विभागाने: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पात्रात भराव किंवा वाळूउपसा असेल तर तहसीलदार. बांधकाम असेल तर त्याला परवानगी देणारं नियोजन प्राधिकरण.

इथला नेहमीचा सापळा असा. मंडळ नगरपालिकेला नोटीस देतं, नगरपालिका 'निधीअभावी' असं उत्तर देते, मंडळ वर्षभराने तशीच नोटीस पुन्हा देतं. दोन्ही कार्यालयांच्या नस्ती अगदी व्यवस्थित असतात. तुमचा अर्ज याच पत्रव्यवहारात आणखी एक कागद होऊन बसणार नाही, एवढं पाहायचं.

३. आधी फुकटची माहिती वाचा

माहितीचा अधिकार वापरण्याआधी जे उघड आहे ते उघडून बघा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढतं. २०१८ च्या यादीत ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, पण महाराष्ट्राचा ५५ झाला, सगळ्या राज्यांत जास्त. तुमची नदी त्यात असेल तर काम बरंच सोपं होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवन समिती नेमून अशा पट्ट्यांचे कृती आराखडे करायला लावले होते. त्या आराखड्यात कुठला नाला, किती सांडपाणी आणि काम कोणी, कधीपर्यंत करायचं हे लिहिलेलं असतं. म्हणजे वचन सरकारनेच दिलेलं आहे. तुम्हाला फक्त तारीख दाखवायची आहे.

महानगरपालिका असेल तर दरवर्षी निघणारा पर्यावरण स्थिती अहवाल घ्या. मागच्या तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवून वाचा. कधी कधी परिच्छेद जसेच्या तसे उतरवलेले सापडतात, आणि ते सभेत वाचून दाखवायला फार उपयोगी पडतात.

थोडं गणितही करा. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानायचं, हा नियोजनातला नेहमीचा हिशेब. एक लाख वस्तीच्या गावात रोज १ कोटी ८ लाख लिटर, म्हणजे १०.८ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). आता एसटीपीची क्षमता किती आणि त्यात रोज प्रत्यक्ष किती पाणी पोचतं, हे विचारा. उरलेलं कुठे जातं ते तुम्ही उन्हाळ्यात पाहिलेलंच आहे.

४. माहितीचा अर्ज: 'का' विचारू नका, कागद मागा

महाराष्ट्रात माहितीचा अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात करायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं तर ३० दिवसांत 'जोडपत्र ब' मध्ये पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. पहिल्या अपिलाची तारीख चुकवू नका. माहिती आयोगाकडे दुसरं अपील ९० दिवसांत करता येतं, पण तिथली रांग लांब असते, म्हणून पहिल्या अपिलातच काम व्हावं असा अर्ज लिहा.

'नदीत घाण पाणी का सोडता?' याला उत्तर मिळत नाही, कारण 'का' हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. जे लिहिलेलं असतंच ते मागा:

- एसटीपीमध्ये रोज आलेल्या आणि प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्याची नोंदवही, मागील १२ महिने.
- एसटीपी आणि पंपिंग स्टेशनची वीजबिलं, त्याच १२ महिन्यांची.
- देखभालीच्या ठेकेदाराचा करारनामा आणि त्याला दिलेल्या देयकांच्या प्रती.
- राज्याच्या प्रदूषण मंडळाने घेतलेल्या नमुन्यांचे तपासणी अहवाल.
- मंडळाने दिलेलं संमतीपत्र, म्हणजे सांडपाणी सोडायची परवानगी, आणि त्यातल्या अटी.
- मंडळाने बजावलेल्या नोटिसा आणि त्यांना गेलेली उत्तरं.

वीजबिलाचा मुद्दा मला एका निवृत्त वायरमनने सांगितला. आमच्या एसटीपीच्या नोंदवहीत पंप रोज चोवीस तास चालू होता. वर्षभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात. वीजबिल मात्र सलग चार महिने पिठाच्या गिरणीएवढं. मोटर जळली होती, दुरुस्तीची निविदा निघाली नव्हती, आणि पंपिंग स्टेशनला येणारं सगळं मैलापाणी बाजूच्या चरातून थेट नदीत जात होतं. नाल्यावर तीन वर्षं चाललेल्या भाषणांत हे कोणालाच माहीत नव्हतं. कदाचित एक-दोघांना असावं.

आणखी एक सोय लोक वापरतच नाहीत: नस्ती प्रत्यक्ष पाहणं. अर्जात 'अभिलेखाची पाहणी करू द्यावी' असं लिहा. पहिल्या तासाला शुल्क नाही. आधी बघून हवी तेवढीच पानं मागितलीत तर पानाला २ रुपयांप्रमाणे खर्चही थोडा येतो. कारखान्यांच्या संमतीपत्रांची नोंदवही तर जल प्रदूषण कायद्याच्या (१९७४) कलम २५ नुसार, ज्याला झळ पोचते त्याला बघायला खुली असायलाच हवी. माहितीचा अर्ज न करताही ती मागता येते, फक्त मागताना कलम तोंडपाठ असू द्या.

५. पाण्याचा नमुना स्वतः घ्यावा का?

घ्या, पण त्याची किंमत ओळखून घ्या. कारवाईसाठी चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने कायद्यातल्या रीतीने घेतलेला नमुना. तुमची बाटली पुरावा ठरत नाही, पण 'इथे, या वेळी नमुना घ्या' ही मागणी तिच्यामुळे वजनदार होते.

एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) हिची मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा आणि बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीतला नमुना पहिल्याच प्रश्नाला गळतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. विरघळलेला प्राणवायू जागच्या जागीच मोजावा किंवा रसायन घालून स्थिर करावा लागतो. नाला मिळतो त्याच्या वर एक, नाल्याच्या तोंडाशी एक आणि खाली एक, असे तीन नमुने घ्या. एकट्या नमुन्यातून घाण कोणाची हे कळत नाही.

आकडे वाचायला एवढं पुरे: बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आंघोळीयोग्य नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा आणि विरघळलेला प्राणवायू ५ च्या वर. विष्ठेतले कोलीफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत, २,५०० च्या वर तर नाहीतच. पाणी दिसायला नितळ असूनही कोलीफॉर्म लाखांत असू शकतात. फेस आणि जलपर्णीचे फोटो वर्तमानपत्राला आवडतात, पण पोट बिघडतं ते या न दिसणाऱ्या आकड्याने.

६. मागणी एका पानात बसवा

आता त्या लिपिकाच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. आमचं दुसरं पत्र एक पानाचं होतं आणि एकाच व्यक्तीला होतं. सारांश असा:

'अमुक पंपिंग स्टेशनची मोटर अमुक महिन्यापासून बंद असल्याचे वीजबिलांवरून दिसते (प्रती सोबत). (१) दुरुस्तीची निविदा किती दिवसांत काढणार, ते लेखी कळवावे. (२) पर्यायी पंपाची तरतूद देखभालीच्या करारात समाविष्ट करावी. (३) प्रत्येक एसटीपीत आलेले पाणी, प्रक्रिया झालेले पाणी आणि वीजवापर यांचे आकडे दरमहा सूचना फलकावर व संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.'

पहिली मागणी दुरुस्तीची आहे, तिसरी धोरणाची. दोन्ही एकत्र मागा, कारण नुसती मोटर दुरुस्त झाली तर दोन वर्षांनी पुन्हा जळते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नुसतं धोरण मागितलंत तर 'विचाराधीन आहे' असं उत्तर येतं आणि तेवढ्यावरच थांबतं.

दोन चुका टाळा. एक, इंटरनेटवरून उचललेला जुना मसुदा जसाच्या तसा वापरणं. जल प्रदूषण कायद्यात २०२४ साली केंद्राने दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांत तुरुंगाऐवजी दंड आणला, तेव्हा कलमांचे आजचे शब्द तपासूनच लिहा. दुसरी, रद्द झालेल्या धोरणाचा आधार घेणं. नदीकाठापासून किती अंतरावर कुठले उद्योग चालतील हे ठरवणारं 'नदी नियमन क्षेत्र' धोरण राज्यात २००० साली लागू झालं, २००९ मध्ये बदललं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झालं. अजूनही लोक तक्रारीत त्याचा हवाला देतात आणि अधिकारी एका ओळीत तक्रार निकाली काढतात. मीही एकदा दिला होता.

७. वेळ साधा

निम्मं काम इथे होतं किंवा बुडतं. निर्णय झाल्यावर केलेली तक्रार कितीही खरी असली तरी ती गाडी गेल्यावर हलवलेला रुमाल.

*अर्थसंकल्प.* पालिकेचा अर्थसंकल्प वर्षाच्या सुरुवातीला सभेपुढे येतो, पण त्यातले आकडे विभागप्रमुखांच्या टेबलावर दिवाळीच्या आसपासच ठरायला लागतात. तुमचं पत्र तेव्हा तिथे हवं. फेब्रुवारीत नगरसेवकाला भेटलात तर तो प्रेमाने चहा पाजेल.

*ग्रामसभा.* २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. 'आयत्या वेळच्या विषयात' आलेली गोष्ट इतिवृत्तात विरघळून जाते. ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.

*विकास आराखडा.* प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना साधारण ३० दिवस मिळतात. नकाशावर निळी रेषा आहे का, नाल्यांची रुंदी जागेवर आहे तेवढीच दाखवली आहे का, हे बघा. नाला कागदावर अरुंद झाला की पुढच्या दहा वर्षांत जमिनीवरही होतो. हरकत प्रत्येकाने आपल्या शब्दांत द्यावी. एकाच मजकुराच्या पाचशे हरकती सुनावणीत एकच म्हणून मोजल्या जातात.

*जनसुनावणी.* मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली सुनावणी होते आणि तिची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. मराठी सारांश मागून घ्या आणि आधीच लेखी निवेदन द्या. सुनावणी संपताना कामकाज वाचून दाखवायचं असतं. तेवढा वेळ थांबा. बहुतेक लोक घोषणा देऊन निघून जातात आणि नोंद काय झाली ते कोणी ऐकत नाही.

*विधिमंडळ.* आमदारांकडे 'नदीचं काहीतरी करा' म्हणून जाऊ नका. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी तारांकित प्रश्नाचा किंवा लक्षवेधीचा मसुदा कागदपत्रांसह त्यांच्या स्वीय सहायकाच्या हातात द्या. प्रश्न लागला की मंत्रालयातून खाली माहिती मागवली जाते आणि वर्षभर न सापडलेली नस्ती दोन दिवसांत सापडते.

जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो. खालच्या कार्यालयातल्या अर्जाची पोच सोबत न्या.

८. अधिकाऱ्यांशी बोलताना

समोरचा चोर आहे असं धरून आत गेलात तर तो कागदामागे लपतो. क्षेत्र अधिकाऱ्याकडे शेकडो कारखाने असतात. कनिष्ठ अभियंत्याने तीच मोटर तीनदा वर कळवलेली असू शकते. आमच्या अभियंत्याने कळवली होती. आमच्या पत्राने त्याच्या टिपणीला आधार मिळाला आणि पुढच्या वेळी कुठला कागद मागायचा ते त्यानेच सुचवलं. बैठक झाली की त्याच संध्याकाळी 'आज झालेल्या चर्चेनुसार आपण... असे सांगितलेत' असं दोन ओळींचं पत्र किंवा ईमेल पाठवा. तोंडी आश्वासनाला बदलीनंतर वारस नसतो.

९. हरित न्यायाधिकरण

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. वकिलाशिवायही स्वतः बाजू मांडता येते आणि नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये आहे. मुदत मात्र कडक: न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत, त्यातही सवलत जास्तीत जास्त ६० दिवसांची. 'आधी दोन वर्षं पत्रव्यवहार करू, मग बघू' म्हणणारे इथेच हरतात. म्हणून पत्रव्यवहार सुरू करतानाच जाणत्या वकिलाला एकदा तारखा दाखवून ठेवा.

प्रकरण न्यायप्रविष्ट झालं की कार्यालयात सगळ्यांना बोलायचं टाळायला निमित्त मिळतं, हेही लक्षात असू द्या. जे ठरावाने होण्यासारखं आहे ते आधी ठरावाने करून घ्या.

१०. ठराव झाल्यावर

पेढे वाटायची घाई करू नका. ठरावाला क्रमांक आणि तारीख असते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) अशी पायरी पायरी असते आणि प्रत्येक पायरीवर कागद सहा महिने झोपू शकतो. वहीत पाचही टप्प्यांचे रकाने आखा आणि महिन्यातून एका ठरलेल्या वारी जाऊन तारीख भरा. आमची मोटर ठरावानंतर सात महिन्यांनी बसली. दरमहा आकडे लावण्याचा फलक त्याच्याही नंतर लागला आणि पहिले तीन महिने कोराच होता. चौथ्या महिन्यात त्यावर आकडे आले, सगळे पूर्णांकात. तेव्हा आम्ही वीजबिलांसाठी पुन्हा जोडपत्र अ भरलं.